पाठीला बांधलेला भोपळा

पोहण्याच्या परीक्षेला पाठीला भोपळा बांधून आलेला माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला.

लढाईचे दिवस होते. आरमारात नव्याने भरती झालेले आम्ही पंधरा-वीस जण मुंबईच्या बंदरात धक्क्यावर उघड्या अंगाने रांगेत उभे होतो. समोर आमचा गोरा उस्ताद. धक्क्यावरून समुद्रात उडी मारायची आणि पलीकडच्या दोराच्या शिडीपर्यंत पोहत जायचं, एवढीच परीक्षा होती. मी उत्रोलीचा, घरचा धंदा शिंप्याचा, पण लहानपण नीरेच्या पाण्यात गेलेलं, त्यामुळे मला धास्ती नव्हती. माझ्या शेजारी हा उभा होता. राजगडाच्या पायथ्याशी, पालीच्या अलीकडच्या वाडीतला शेतकरी गडी, बावीस वर्षांचा, लग्न झालेला, मिशा वळवलेल्या, आणि पाठीला सुंभाने आवळलेला हा एवढा सुका भोपळा.

आमच्याकडची पोरं पोहायला अशीच शिकतात. भोपळा वेलावर वाळू द्यायचा, हलका खडखडीत झाला की पोराच्या पाठीला बांधायचा आणि पोराला डोहात ढकलायचं. भोपळा बुडत नाही, म्हणून पोरही बुडत नाही. पण ही सगळी मजा सहा-सात वर्षांच्या पोरांची. सरकारी आरमारात कोणी भोपळा घेऊन येईल हे उस्तादाच्या स्वप्नातही नव्हतं. त्याने "हे काय?" म्हणून विचारलं, आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत ते समजावता समजावता मलाच घाम फुटला. उस्तादाने भोपळा सोडवला, बोटाने टकटक वाजवून पाहिला आणि लांब समुद्रात भिरकावून दिला.

"आरं, गोसाव्याचा पान्याचा तुंबा हाय त्यो! मागून आनलाय, परत द्यायचाय!" असं ओरडत आमचा गडी त्याच्यामागे धाडकन पाण्यात गेला. पोहता येत नाही हे त्याला बहुधा पाण्यात पडल्यावर आठवलं. हात झोडत, पाय झाडत, दोनदा खाली जाऊन तो कसाबसा भोपळ्यापर्यंत पोहोचला, त्याला मिठी मारली आणि लाथा मारत शिडी गाठली. वर आल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर तुंबा फुटला नाही ना ते पाहिलं. उस्ताद हसून हसून खाली बसला. पुढे पंधरा दिवस त्यानेच याला रोज संध्याकाळी स्वतः पोहायला शिकवलं.

एवढा मोठा होईपर्यंत याला पोहता का येत नव्हतं, ते त्याने मला नंतर सांगितलं. तो पाळण्यात असताना त्याचा बाप पुराच्या पाण्यातून बैल काढायला गेला तो परत आलाच नाही. त्या दिवसापासून आईने पोराला नदीची बंदी केली. बैल धुवायला चुलता जायचा, आंघोळ विहिरीच्या पाण्याने दारात. बाकीची पोरं भोपळे बांधून डोहात धुमाकूळ घालायची तेव्हा हा काठावर त्यांचे कपडे राखत बसायचा. आरमारात भरती झाला तेही आईला "पलटणीत चाललोय" असं सांगून. पुढे रजेवर गेला तेव्हा जहाजाची गोष्ट फुटली, तर तिला म्हणाला, "जहाज म्हंजी तरंगता गड असतोय. पानी लई खाली ऱ्हातं, हात बी लागत न्हाई." आणि पोहायला शिकल्याचं मात्र त्याने तिच्यापासून लपवलं. पाण्यात न उतरण्याची शपथ आईने घातली होती, ती मोडल्याचं तिला कळलं तर ती अन्न सोडेल, अशी त्याला भीती होती. आम्हालाही त्याने बजावून ठेवलं होतं, "कवा माझ्या घरी गेलासा तर ह्ये बोलायचं न्हाई."

एकदा शिकल्यावर मात्र हा माणूस पाण्याबाहेर निघेना. जहाज बंदरात नांगरलं की हा पाण्यात. पोहण्याची तऱ्हा त्याची एकट्याची. म्हशीसारखी मान वर काढून, मिशा कोरड्या ठेवून, आणि सगळा वेळ बडबड करत. पोहता पोहता तो जहाजावरच्या माणसांना कालवणात मीठ कमी पडल्याचं सांगायचा.

त्याला मरण आलं ते ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याकडे. आमचं जहाज मालवाहू जहाजांच्या ताफ्याबरोबर चाललं होतं. दिवसाढवळ्या विमानं आली. हा तोफेवर होता. विमानं निघून गेली, सगळं शांत झालं, आणि पाहतो तर हा तोफेला टेकून बसलेला, छातीत लोखंडाचा तुकडा. अर्ध्या तासात संपला. ताफा थांबत नसतो आणि किनारा दोन दिवसांवर होता. जहाजावर कापड शिवायचं काम माझ्याकडे असायचं, छतं, झोळ्या, पडदे. त्या संध्याकाळी मी त्याला जाड कापडात शिवला. पायाशी लोखंड ठेवलं. आणि आम्ही सगळ्यांनी सलामी देऊन त्याला समुद्रात सोडला.

त्याच्या आईला पत्र मीच लिहिलं. सगळं लिहिलं होतं, विमानं, तोफ, छातीतला तुकडा. पण लढाईत पत्रं आधी साहेबाच्या कात्रीखालून जायची. आईच्या हातात जो कागद पडला त्याच्या निम्म्या चिंध्या झाल्या होत्या. "आपला मुलगा समुद्रावर असताना गेला" एवढं त्यात शिल्लक राहिलं होतं. हे मला दोन वर्षांनी कळलं.

लढाई संपली, आम्हाला सोडलं, आणि शिमगा उलटल्यावर आम्ही तिघे त्याच्या घरी निघालो. एक मी. दुसरा भोर गावातला मुसलमान, आमच्या जहाजावरचा स्वयंपाकी, ज्याच्या कालवणात मीठ कमी पडायचं तो. तिसरा रत्नागिरीकडचा कोळ्याचा पोरगा, वरंध्याच्या घाटाने दोन दिवस मोडून भोरला येऊन पोहोचलेला. त्याने म्हातारीसाठी भेट म्हणून सुक्या बोंबलांची एक मोठी जुडी आणली होती. समुद्रात मुलगा गेलेल्या घरी मासे न्यायचे नसतात हे त्याच्या डोक्यात मोटारीत बसल्यावर मी घातलं, तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. नसरापूरला उतरताना ती जुडी ड्रायव्हरला देऊन टाकली. ड्रायव्हर मात्र खूश झाला.

तिथून पुढे पायी. चालता चालता आम्ही काय सांगायचं आणि काय नाही, ते ठरवलं. पोहण्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, कारण त्याने तसं बजावलं होतं. आणि त्याला पाण्यात सोडला हेही सांगायचं नाही. जिने बावीस वर्षं पोराला पाण्याचा स्पर्श होऊ दिला नाही, तिला कोणत्या तोंडाने सांगणार की आम्हीच त्याला समुद्रात घातला? आणि शिवला मी. माझ्या हाताने. खरं सांगतो, मला त्या वाडीला जायचंच नव्हतं. म्हणून असं ठरलं की किनाऱ्यावर नेऊन अग्नी दिला म्हणायचं. रत्नागिरीकर या कामी फार उत्साही. मार्गासनीपर्यंत त्याने चिता रचली होती, पुढच्या मैलात तिच्यात चंदन घातलं. "चंदन कुठनं आनलं आपुन?" स्वयंपाक्याने विचारलं. "ब्रह्मदेशात काय कमी आहे चंदन?" तो म्हणाला. मी म्हटलं, राहू दे चंदन. पण तो ऐकणाऱ्यातला नव्हता.

घर सापडायला वेळ लागला नाही. म्हातारी ओट्यावर नाचणी पाखडत बसली होती. तिच्याजवळ पाच वर्षांची एक पोरगी होती, त्याची मुलगी. तो शेवटच्या रजेवर आला तेव्हा ती नुकती रांगत होती. तिच्या कमरेला सुंभाची दोरी होती आणि दोरीचं दुसरं टोक ओट्याच्या खांबाला. मी त्या दोरीकडे पाहतोय हे म्हातारीने पाहिलं.

"नदी जवळ हाय, बाबा," ती म्हणाली. "कामात पोरीवर डोळा ऱ्हात न्हाई."

आम्ही कोण ते सांगितलं. ती रडली नाही. उठून तिने गूळपाणी आणून दिलं, सगळ्यांचं घर कुठलं, आई-बाप आहेत का, विचारलं. मग खाली बसली आणि रत्नागिरीकराने ठरल्याप्रमाणे सुरुवात केली. किनारा, चिता, सलामी. चंदन आलंच. ती सगळं ऐकत राहिली, सूप मांडीवर तसंच धरून.

"त्ये ऱ्हाऊ द्या," तो थांबल्यावर ती म्हणाली. "मला येकच सांगा. किती येळ गटांगळ्या खाल्ल्या त्यानं?"

पायरीवर बसलेल्या स्वयंपाक्याने वळून माझ्याकडे पाहिलं.

"त्याला पवता येत नव्हतं," ती सुपाकडे बघत म्हणाली. "गावातली समदी पोरं शिकली. त्यो रडायचा, आये जाऊ दे म्हनायचा. म्या न्हाई जाऊ दिलं. जाऊ दिलं असतं तर हातपाय मारून कुठं तरी लागला असता. बाप पान्यानं नेला, आन् पोराला म्या मारलं."

दोन वर्षं ही बाई हे पोटात घेऊन बसली होती. माझ्या पत्राच्या चिंध्यांतून तिने स्वतःपुरतं एवढंच वाचलं होतं. मला स्वतःचा असा राग आला की काय सांगू. आम्ही वाटभर चंदनाच्या गप्पा मारत आलो होतो.

"मावशी, तो बुडाला नाही," मी म्हणालो. "त्याला पोहता येत होतं. आमच्या जहाजावर त्याच्यासारखा पोहणारा कोणी नव्हता."

तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिचा विश्वास बसला नाही हे मला दिसलं. बसावा कसा?

"तिकडं चंदन बी व्हतं म्हनं," ती शांतपणे म्हणाली. "माझ्या जिवाला बरं वाटावं म्हनून बोलताय. बोला. चांगली पोरं हाईसा."

तेव्हा मला कळलं की आता एक तर सगळं खरं सांगायचं, नाही तर गुमान उठून चालू लागायचं. एक खरं मानायला लावायचं तर दुसरंही सांगणं भाग होतं. मी हात जोडले आणि सांगितलं. चिता नव्हती. चंदन नव्हतं. विमानं आली, छातीत तुकडा लागला, तो जहाजावर, कोरड्या लाकडावर गेला. त्याचा प्राण गेला तेव्हा पाण्याचा थेंब त्याच्या अंगाला नव्हता. आणि मग आम्ही त्याला समुद्रात सोडला. मी त्याला कापडात शिवला. ती शिव्या देईल, सूप अंगावर फेकेल, काहीही करेल अशा तयारीने मी मान खाली घालून बसलो.

रत्नागिरीकर पुढे सरकला आणि त्याने म्हातारीसमोर डोकं वाकवलं. कानामागे त्याला मोठा व्रण आहे.

"होडीचा दांडा लागून मी बंदरात बेशुद्ध पडलो होतो, आये," तो म्हणाला. "मी कोळ्याचा पोर, दर्यावर जन्मलेला, आणि मला बाहेर कोणी काढला तर तुझ्या मुलाने. केसांना धरून ओढत आणला. वर्षभर मला चिडवत होता."

म्हातारीने त्या व्रणावरून बोट फिरवलं. तेवढ्यात तिची सून रानातून आली. भातरोपांसाठी जमीन भाजायचे, राबाचे दिवस होते, तिचे हात कोपरापर्यंत काळे होते. बाहेर उभी राहून तिने किती ऐकलं होतं कोण जाणे.

"खरं हाय त्ये," ती अंगणातूनच म्हणाली. "मला सांगितलं व्हतं त्यांनी. लई फुशारकी मारायचे, पन तुमाला सांगू न्हाई म्हनून शपथ घातली व्हती."

"आन् तू दोन वर्सं गप बसलीस?"

"तुमच्या पोटात असं काई हाय ह्ये तुमी कवा बोलला न्हाई. म्हनला असता तर शपथ मोडली असती म्या."

एका घरात, एका चुलीवर भाकरी भाजत, दोघी आपापलं झाकून बसल्या होत्या. म्हातारीने सूप बाजूला ठेवलं.

"म्हंजी म्या न्हाई मारला त्याला," ती म्हणाली. कोणाला विचारत नव्हती, नुसती म्हणाली. मग ती रडली, आणि आम्ही तिघे आरमारातले बहाद्दर गडीही रडलो, आणि ते पाहून पोरगी घाबरून सगळ्यात मोठ्याने रडायला लागली.

जरा वेळाने म्हातारीने डोळे पुसले. "पानी पाजलं का कुनी? शेवटाला?"

स्वयंपाकी इतका वेळ पायरीवरच बसून होता. "म्या पाजलं, आये," तो हळूच म्हणाला. "माज्या हातनं. दोन घोट घेतले त्यानं. चहा कर म्हनत व्हता, त्यो ऱ्हाऊनच गेला."

"मग तू वर ये की, बाबा. पायरीवर का बसलाईस?" असं म्हणून तिने त्याला हाताला धरून ओट्यावर घेतलं. मुलाला पाण्यात सोडल्याबद्दल तिने मला काहीच म्हटलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "पवनारा व्हता ना? मग काय भ्या त्याला पान्याचं." माझ्या छातीवरचा धोंडा दोन वर्षांनी त्या ओट्यावर उतरला.

आम्ही आता निरोप घ्यावा म्हणून उठायला लागलो, तर ती म्हणाली, "कसा पवायचा त्यो? दावा मला."

"आत्ता?"

"मग कवा? ऊन हाय, डोह हाय, तुमी हाईसा."

ती घरात गेली. माळ्याला सुका भोपळा टांगलेला होता, आत काकडीचं बियाणं. ते तिने टोपलीत ओतलं आणि भोपळा बगलेत मारून बाहेर आली. मला वाटलं, पाणी आणायला घेतला असेल. पोरीची दोरी खांबापासून सोडून तिने हातात धरली आणि आमच्या पुढे चालू लागली. सून माझ्याजवळ येऊन पुटपुटली, "लगीन करून आल्यापास्नं त्यांनी नदीवर पाऊल टाकलेलं म्या न्हाई बगितलं."

डोहात पाणी गळ्याइतकं असेल. आम्ही धोतरं खोचून उतरलो. पोहायचं कसं, हे आम्हाला येतच होतं, पण त्याच्यासारखं पोहायचं म्हणजे नाटकच. रत्नागिरीकराने म्हशीसारखी मान वर काढली, मी मिशा कोरड्या ठेवायच्या प्रयत्नात नाकात पाणी घालून घेतलं, आणि स्वयंपाकी, ज्याला त्या मिठाच्या गोष्टीचा जहाजावर सगळ्यात जास्त राग यायचा, तोच हात झोडत ओरडला, "आरं, कालवनात मीठ टाक की रं!"

काठावर म्हातारी हसली. आधी तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून. "असंच बोलायचं," ती सुनेला म्हणाली, "असंच. जेवताना बी मिठावरनं भांडायचं." सूनही हसत होती, काळे हात तसेच तोंडाशी धरून. मी पाण्यात उभा राहून त्या दोघींकडे पाहत होतो आणि मला फार बरं वाटत होतं, त्या पत्रानंतर पहिल्यांदाच.

मग म्हातारी खाली बसली. तिने भोपळा नातीच्या पाठीवर ठेवला आणि पोरीच्या कमरेची तीच दोरी त्याच्याभोवती आवळून, दोन वेढे देऊन, गाठ मारली. गाठ तिने तीनदा ओढून पाहिली. उरलेली दोरी हातात गुंडाळून ती लुगड्यासकट पाण्यात उतरली, गुडघ्यापर्यंत.

"हिला शिकवा," ती आम्हाला म्हणाली. "शिकवूनच जावा."

मी पोरीला हातांवर घेतलं. पाणी लागताच ती किंचाळली, मग भोपळ्याने तिला वर उचललं तसे तिचे डोळे मोठे झाले. हळूहळू मी हात काढून घेतले. पोरगी मान वर काढून, पाय झाडत, रत्नागिरीकराच्या दिशेने निघाली. म्हातारीच्या हातातून दोरी एकेक वेढा सुटत होती. पाहता पाहता शेवटचं टोक तिच्या मुठीत आलं आणि दोरी ताणली गेली. पोरगी तिथेच अडकून पाय झाडत राहिली.

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं.

"सोडू का रं?"

"सोडा, मावशी," मी म्हणालो.

तिने डोळे मिटले आणि मूठ उघडली. पोरगी बुडाली नाही.